साडेसातशे लिटर वाइन कुठे गेली? टाकीवरच्या अल्ट्रासोनिक सेन्सरचं एक प्रकरण

नाशिकहून दिंडोरी रोडने मेरी, म्हसरूळ मागे टाकलं की द्राक्षबागा सुरू होतात. त्या पट्ट्यातल्या एका मध्यम वाइनरीतलं हे प्रकरण आहे. वाइनरीचं आणि सेन्सर पुरवणाऱ्याचं नाव देत नाही. त्याने मुद्द्यात काही फरक पडत नाही.

तक्रार अशी होती. जानेवारी ते मार्चचा क्रशिंगचा, म्हणजे द्राक्षं चिरडून रस काढण्याचा हंगाम. शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाचा रस टाकीत भरला, यीस्ट घातलं, आणि पुढच्या दोन दिवसांत डिस्प्लेवरची पातळी २४ सेंटिमीटरने उतरली. टाकीचा व्यास २ मीटर, म्हणजे दर सेंटिमीटरला ३१ लिटर. हिशेब साडेसातशे लिटरचा. शेजारच्या टाक्यांतही हेच, फक्त आकडे वेगळे. फरशी कोरडी, व्हॉल्व्हला सील. मग बोट कुणाकडे जाणार? रात्रपाळीच्या पोरांकडे. मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते उघड काही बोलले नव्हते, पण रात्री सेलरच्या दाराला दुसरं कुलूप लागायला लागलं होतं. एक्साइजच्या रजिस्टरात कुठला आकडा लिहायचा हा पेच वेगळाच.

पुरवठादाराचा माणूस येऊन गेला होता. त्याने सेन्सर काढून भिंतीसमोर धरला, आकडा मिलिमीटरपर्यंत बरोबर आला. रिकाम्या टाकीवर बसवला, तिथेही बरोबर. मग त्याने फेसावर खापर फोडलं, एक सेन्सर बदलून दिला, आणि नव्या सेन्सरनेही तोच आकडा दाखवल्यावर सहा नंबरच्या टाकीला २४ सेंटिमीटरचा ऑफसेट, म्हणजे प्रत्येक आकड्यात मिळवायची ठरावीक भर, टाकून तो गेला. डिस्प्ले सुधारला. पुढे ती वाइन दुसऱ्या टाकीत घेतली, तेव्हा रिकाम्या टाकीत २४ सेंटिमीटर वाइन दिसायला लागली. या टप्प्यावर वाइनमेकर मॅडमचा मला फोन आला. माझं काम सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली मोजणीची उपकरणं तपासून देण्याचं. वाइनरीतलं मला फारसं कळत नाही, पण आवाजाने अंतर मोजणारं यंत्र ओळखीचं आहे.

यंत्र नेमकं काय मोजतं

टाकीच्या माथ्यावरच्या नोझलमध्ये सेन्सर बसवलेला असतो. आतली पिझोइलेक्ट्रिक चकती विजेचा झटका मिळाला की थरथरते आणि ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा, कानाला न ऐकू येणारा आवाज खाली सोडते. तो द्रवाच्या पृष्ठभागावर आपटून परत येतो आणि त्याच चकतीला हलवतो. पाठवल्यापासून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा, आवाजाच्या वेगाने गुणायचा, निम्मा करायचा. हे झालं पृष्ठभागापर्यंतचं अंतर. टाकीच्या उंचीतून ते वजा केलं की पातळी.

म्हणजे यंत्र पातळी मोजत नाही, अंतरही मोजत नाही. ते वेळ मोजतं. वेग त्याला कुणीतरी सांगितलेला असतो, आणि सांगणाऱ्याने हवा धरलेली असते. कोरड्या हवेत २० अंशाला हा वेग सेकंदाला ३४३ मीटर, १५ अंशाला ३४० च्या जरा वर. दर अंशाला साधारण ०.६ मीटरचा फरक पडतो, म्हणून सेन्सरच्या पोटात तापमानाचा छोटा सेन्सरही असतो आणि तो वेग आपोआप दुरुस्त करतो. माहितीपत्रकात ‘तापमान भरपाई’ हे शब्द ठळक असतात. ‘वर हवा असेल तर’ हे कुठेतरी मागच्या पानावर.

सेलरमध्ये पाऊल टाकल्यावर वायूचा संशय यायला फार अक्कल लागत नाही. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोलबरोबर कार्बन डायऑक्साइड सोडतं. रसात लिटरला २०० ग्रॅम साखर धरली, तर ती पूर्ण आंबल्यावर दर लिटर रसामागे सुमारे ५० लिटर वायू निघतो. दहा हजार लिटरच्या टाकीतून पाच लाख लिटर! रसाच्या वरची मोकळी जागा तीन हजार लिटरसुद्धा नाही. पहिल्या दोन दिवसांतच तिथली हवा धुऊन निघते आणि एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या पाण्याच्या अडसरातून, बाहेर पडते. पातळी ‘उतरायला’ लागणारे दोन दिवसही तेच.

पण संशय म्हणजे निदान नव्हे. फेस, तिरकी नोझल, टाकीभोवतीच्या थंडाव्याच्या जॅकेटवरचं दव, सेन्सरच्या तोंडावर जमलेले थेंब, यांपैकी कशानेही आकडा बिघडू शकतो. आणि इथे मोठी अडचण अशी होती की खरी पातळी कुणालाच माहीत नव्हती.

झाकण न उघडता खरी पातळी

म्हणजे डिप पट्टी होती. पण पट्टी घालायची तर मॅनहोल उघडावं लागतं, आणि मॅडमचा नियम कडक: उघडायच्या आधी पंखा लावायचा, वायू बाहेर घालवायचा, कुणीही तोंड आत घालायचं नाही. नियम शंभर टक्के योग्य. हवेत ४ टक्के कार्बन डायऑक्साइड झाला तरी तो जिवाला तातडीचा धोका धरतात. इथे टाकीच्या तोंडाशी त्याच्या वीसपट असू शकतो. मात्र त्या पंख्यानेच घोळ केला होता. पंखा लावून, पट्टी घालून, पुसून, खात्रीसाठी पुन्हा घालून होईपर्यंत टाकीत बरीचशी ताजी हवा शिरलेली असायची. मग पट्टी आणि डिस्प्ले यांच्यातला फरक २४ वरून आठ-दहावर यायचा. म्हणून रजिस्टरात शेरा होता: ‘तपासलं, थोडा फरक, ठीक.’ तपासणीच रोग लपवत होती. हा शेरा वाचला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण बरोबर रस्त्यावर आहोत.

सेलरमधले जुने कामगार नाना यांची स्वतःची पद्धत होती. टाकीच्या उघड्या पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोकत वरून खाली यायचं. पत्र्यामागे वायू आहे तोवर आवाज मोकळा, घुमणारा. द्रव सुरू झाला की बद्द. नाना खडूने रेघ मारायचे आणि म्हणायचे, “साहेब, माल जागेवरच आहे. तुमचं मशीनच प्यालेलं दिसतंय.” त्यांची रेघ दोन-तीन सेंटिमीटरच्या आत बरोबर असायची हे नंतर कळलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे मात्र लिहून ठेवण्यासारखं आहे. अंतर मोजायला आवाज वापरणारे सेलरमध्ये दोघे होते, आणि त्यातल्या ज्याला पगार होता त्याच्यावरच अविश्वास.

रेघेवर रिपोर्ट लिहिता येत नाही, म्हणून आम्ही गवंड्याच्या लेव्हल नळीची युक्ती केली. तळाच्या व्हॉल्व्हला खाद्य दर्जाची पारदर्शक नळी जोडली आणि टाकीला लागून उभी वर नेली. नळीतला द्रव टाकीतल्या पातळीला येऊन थांबतो. दोन दुरुस्त्या लागतात. एअरलॉकमधल्या पाण्यामुळे टाकीत दोन-तीन सेंटिमीटर पाण्याइतका जास्तीचा दाब असतो, तो वजा करायचा. आणि आंबणाऱ्या रसात बुडबुडे असल्याने तो नळीतल्या स्थिर रसापेक्षा किंचित हलका भरतो, त्यामुळे सेंटिमीटरभराची अनिश्चितता सोडावी लागते. आपल्याला २४ सेंटिमीटरचा गुन्हेगार शोधायचा होता. तेवढ्याला हे पुरेसं.

नळीने सांगितलं: सहा नंबरमध्ये सेन्सरपासून पृष्ठभाग ९० सेंटिमीटरवर. सेन्सर म्हणत होता ११४. कमी भरलेल्या टाकीत खरं अंतर १८० सेंटिमीटर, सेन्सरचं २२८. जवळजवळ काठोकाठ भरलेल्या टाकीत खरं ४५, सेन्सरचं ५७.

हे तीन आकडे मॅडमच्या ऑफिसात फळ्यावर मांडले. ४५ ला १२ ची चूक, ९० ला २४, १८० ला ४८. रेषा सरळ आणि शून्यातून जाणारी. सेन्सर वाकडा बसला असता किंवा उंची चुकीची भरली असती, तर चूक सगळीकडे सारखी आली असती. अंतर दुप्पट झालं की चूकही दुप्पट होते, तिथे वेग चुकलेला असतो. ऑफसेट टाकणं इथे मुळातच चुकीचं औषध होतं. ऑफसेट एका पातळीला जुळतो आणि बाकी सगळ्या पातळ्यांना खोटं बोलतो.

तिन्ही टाक्यांत सेन्सरच्या आणि खऱ्या अंतराचं गुणोत्तर १.२७ होतं. हवेतला ३४० चा वेग १.२७ ने भागला की २६८ उरतात. शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्ये १५ अंशाला आवाजाचा वेग २६५ च्या आसपास असतो. त्याचा रेणू हवेच्या सरासरी रेणूपेक्षा दीडपट जड, म्हणून आवाज हळू. २६८ म्हणजे सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि उरलेली थोडी हवा. ९० सेंटिमीटर जाऊन यायला हवेत ५.३ मिलिसेकंद लागले असते, इथे ६.७ लागत होते. साडेसातशे लिटर वाइन त्या १.४ मिलिसेकंदांत होती.

अण्णांनी योग्य शंका काढली. तापमानाचा सेन्सर बिघडला असेल तर? केवळ थंडीने वेग इतका पडायला टाकीत उणे ९४ अंश असावे लागतील, असं सांगितल्यावर ते हसले. त्याच संध्याकाळी ते रात्रपाळीच्या पोरांशी बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही, पण दुसरं कुलूप निघालं.

नायट्रोजन, आणि मग हरवलेला प्रतिध्वनी

इथे थांबता आलं असतं. पण ज्या स्पष्टीकरणावर पैसे खर्च होणार, त्याने पुढचा आकडा आधी सांगून दाखवावा असा माझा हट्ट असतो. वाइनरीत नायट्रोजनचे सिलिंडर होतेच. नायट्रोजन हवेपेक्षा किंचित हलका, त्यात १५ अंशाला वेग ३४६. म्हणजे ज्या टाकीचं आंबणं संपलंय, तिच्यातली वरची जागा नायट्रोजनने धुतली, तर सेन्सरने उलट दिशेने चुकायला हवं: ९० सेंटिमीटरला साधारण दीड सेंटिमीटर, आणि पातळी कमी नव्हे, जास्त दिसायला हवी. केलं. आकडा हळूहळू चढला, खऱ्या पातळीला येऊन पोचला, तिच्याही सेंटिमीटरभर वर जाऊन थांबला. फेसाच्या सिद्धान्ताला हे कधीच जमलं नसतं.

मग मॅडम म्हणाल्या, काही टाक्यांवर आम्ही सिलिंडरचा कार्बन डायऑक्साइडसुद्धा सोडतो, तिथेही बघू. माझी अपेक्षा सरळ होती: पुन्हा १.२७ च्या जवळपास. प्रत्यक्षात आकडाच आला नाही. डिस्प्लेवर ‘लॉस्ट इको’. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिध्वनी परतला आणि अपेक्षित चूक दाखवायला लागला.

वायू तोच, मग रात्रभरात बदललं काय? याचं उत्तर शंभर वर्षं जुनं आहे, आणि मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सर्वांत आवडतो. १९२५ मध्ये हार्वर्डच्या जी. डब्ल्यू. पिअर्स यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकाने नेमक्या वारंवारतेचा अल्ट्रासोनिक आवाज काढून वायूंमधला वेग मोजला. कार्बन डायऑक्साइडमध्ये त्यांना दोन विचित्र गोष्टी दिसल्या: वेग वारंवारतेनुसार बदलतो, आणि हा वायू आवाज प्रचंड प्रमाणात गिळतो. कारण १९२८ मध्ये हर्झफेल्ड आणि राइस यांनी मांडलं. आवाज म्हणजे दाबाची चढउतार. दाबामुळे मिळालेली ऊर्जा रेणूंच्या धावण्यात लगेच जाते, पण कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला वाकण्याचं कंपनही असतं, आणि त्यात ऊर्जा शिरायला आणि निघायला वेळ लागतो. आवाजाचा एक फेरा आणि हा वेळ एकमेकांच्या जवळ आले की कंपनात गेलेली ऊर्जा चुकीच्या क्षणी परत मिळते आणि लाट विझत जाते. साधारण वातावरणीय दाबाला कोरड्या कार्बन डायऑक्साइडमध्ये हा घात काही दशक किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत जोरात होतो. आपला सेन्सर ४० चा. दुर्दैव म्हणा किंवा बाजार म्हणा, हवेसाठी सोयीची म्हणून निवडलेली वारंवारता या वायूच्या बरोबर जबड्यात येते.

पाण्याची वाफ हे चित्र बदलते. पाण्याचा रेणू कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला धडकला की कंपनातली ऊर्जा फार सहज सुटते. थोडी वाफसुद्धा तो शोषणाचा पट्टा कितीतरी वरच्या वारंवारतेकडे ढकलते आणि ४० किलोहर्ट्झला वाट काहीशी मोकळी होते. आंबणाऱ्या रसातून वर येणारा वायू मुळातच ओलसर असतो, म्हणून तिथे प्रतिध्वनी क्षीण पण शाबूत होता. सिलिंडरचा वायू कोरडा. रात्रभरात वाइनच्या पृष्ठभागावरून वाफ त्यात वर चढली आणि सेन्सरला पुन्हा ऐकू यायला लागलं. ओल्या वायूत यंत्र खोटं बोलत होतं, कोरड्यात गप्प बसत होतं. माझ्या मते गप्प बसणारं यंत्र बरं. त्याच्या आकड्यावर कुणी कुणाला चोर ठरवत नाही.

जाता जाता, ट्रान्सड्युसरबद्दल, म्हणजे सेन्सरमधल्या त्या चकतीबद्दल. पुरवठादाराच्या माणसाने फोनवर शेवटचा बचाव केला होता की जड वायूत चकतीची ‘मॅचिंग’, म्हणजे तिचा आवाज वायूत नीट उतरवणारी जुळणी, बिघडते. चकती घट्ट सिरॅमिकची, हवा तिच्या तुलनेत जवळजवळ काहीच नाही. म्हणून मध्ये हलक्या पदार्थाचा, पाव तरंगलांबी जाडीचा थर देतात, हे खरं. पण कार्बन डायऑक्साइडचा ध्वनिक अडथळा (घनता गुणिले आवाजाचा वेग) हवेपेक्षा जेमतेम पाचव्या हिश्शाने जास्त आहे. त्याने मॅचिंग बिघडलंच तर किंचित सुधारण्याच्या दिशेने बिघडेल. सेन्सर निर्दोष होता. निवड चुकली होती.

मग बसवायचं काय

सेन्सरखाली ठरावीक अंतरावर स्टीलची एक दांडी लावून तिच्या प्रतिध्वनीवरून वेग तिथल्या तिथे काढायचा, ही प्रयोगशाळेतली नामी युक्ती. मी ती सुचवली आणि दोन कारणांनी मागे घेतली. टाकीच्या आत जास्तीचा सांधा म्हणजे धुलाईत घाण धरणारी जागा. मॅडमनी तोंड वाकडं केलं ते रास्त होतं. शिवाय जड वायू तळाशी आणि हवा वर असे थर पडले, तर वरच्या ४० सेंटिमीटरचा वेग खालच्या भागाला लागू होत नाही.

रडारचा सेन्सर हे सरळ उत्तर. मायक्रोवेव्हच्या वेगात हवा आणि कार्बन डायऑक्साइड यांतला फरक नगण्य असतो. किंमत मात्र सगळ्या टाक्यांना एका हंगामात परवडणारी नव्हती. तिसरा पर्याय तळाशी दाबाचा ट्रान्समीटर. त्यात मेख घनतेची: रस आंबताना घनता १.०९ वरून ०.९९ च्या आसपास येते, म्हणजे न सुधारलेला आकडा नऊ टक्क्यांनी घसरतो आणि पुन्हा कुणावर तरी संशय जातो. पण वाइनरीत हायड्रोमीटरने घनता रोज मोजून वहीत लिहितातच. तोच आकडा पॅनेलवर भरायचा, एवढं वळण लावलं की काम भागतं.

शेवटी ठरलं ते असं. आंबवण्याच्या टाक्यांना दाबाचे ट्रान्समीटर. जिथून ब्लेंडिंग होतं आणि रजिस्टरात आकडा जातो, त्या मोठ्या टाक्यांना रडार. काढलेले अल्ट्रासोनिक सेन्सर पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या उघड्या टाक्यांवर; तिथे वर हवा आहे आणि ते उत्तम चालतात. सहा नंबरचा ऑफसेट मी स्वतः शून्य केला. रजिस्टरातल्या जुन्या नोंदी खोडल्या नाहीत, त्यांच्याशेजारी नळीचे आकडे आणि कारण लिहून मॅडमनी सही केली.

एक सेन्सर मात्र अण्णांनी काढू दिला नाही. साठवणीच्या टाकीवर वाइनला ऑक्सिजन लागू नये म्हणून वर कार्बन डायऑक्साइडचा थर ठेवतात, आणि तो टिकलाय की विरलाय हे एरवी कळत नाही. अण्णांनी विचारलं, “पातळी जर रडार सांगणार असेल, तर याची चूक आपल्याला वायू किती शुद्ध आहे ते सांगेल ना?” सांगेल. कल्पना जुनीच आहे. कोळशाच्या खाणीतला मिथेन शिट्टीच्या सुरावरून ओळखण्याचं उपकरण फ्रिट्झ हेबर यांनी १९१३ मध्ये दाखवलं होतं. मिथेन हलका, म्हणून सूर चढतो. इथे ९० सेंटिमीटर अंतराला वायूची शुद्धता १०० वरून ९० टक्क्यांवर आली, तर दिसणारं अंतर सुमारे दोन सेंटिमीटरने घटतं. एक अंश तापमानाच्या चुकीने सुमारे दोन मिलिमीटर हलतं. म्हणजे दोन-तीन टक्क्यांची घट पकडता यावी, थर एकसारखा मिसळलेला असेल तर.

तेवढी ‘तर’ अजून बाकी आहे. थर विरतो तो वरून, आणि सेन्सर सगळ्या वाटेचा एकत्रित वेळ देतो, म्हणजे वाइनला चिकटलेला शेवटचा हातभर वायू शुद्ध आहे की नाही हे त्यातून वेगळं निघत नाही. नोझलपासून वेगवेगळ्या खोलीवर बारीक नळ्यांनी वायूचे नमुने घेऊन दोन्ही आकडे ताडून पाहायचे ठरलंय. नळ्या बसवायचं काम नानांकडे आहे, आणि सिलिंडरचा वायू सोडल्यापासून किती तासांनी आकडा धरायचा, हेही तेच वहीत टिपतायत.